मिनेसोटाचा दुहेरी झेंडा

रस्त्यात कुठेही झेंडा दिसला की माझी मान आपोआप त्याच्या मोकळ्या कडेकडे वळते. दोरीला बांधलेली बाजू सहसा फाटत नाही. फाटते ती वाऱ्यावर फडफडणारी. टीप उसवलीय का, कोपरा झिजलाय का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी "अहो, जरा हळू घ्या ना" म्हटलं की आमचे हे हमखास गाडीचा वेग वाढवतात. "रिटायर झालीस ना? त्या बँकेच्या झेंड्याचं बँक बघेल." बँक बघत नाही, हेच तर दुखणं आहे. एकदा मी गाडी थांबवायला लावली आणि आत जाऊन सांगून आले, की तुमचा न्यू जर्सी फाटलाय. काउंटरवरच्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराकडे.

न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही कशात आहात?" कुणी डेटात असतं, कुणी औषधांच्या संशोधनात. मी म्हणायचे, "झेंड्यांत." मग समोरचा थोडा वेळ हसायचं की नाही याचा विचार करायचा. खरं सांगायचं तर मी अमेरिकेतल्या राज्यांचे झेंडे शिवायचे, दुरुस्त करायचे आणि ते कसे लावावेत हे लोकांना सांगायचे. आपल्याकडे राज्याला स्वतःचा झेंडा नसतो, म्हणून आपल्याला कल्पना येत नाही. इथे प्रत्येक राज्याचा वेगळा झेंडा, आणि तो शाळा, पोस्ट, कोर्ट, गाड्यांची शोरूम, सगळीकडे राष्ट्रध्वजाच्या शेजारी किंवा खाली लागतो. माणसं तो वर्षानुवर्षं बघतात आणि त्यावर काय आहे हे विचारलं तर सांगू शकत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. जवळजवळ निम्म्या राज्यांचे झेंडे म्हणजे निळं कापड आणि मधोमध राज्याची मोहर. जुन्या यादवी युद्धात पलटणींची निशाणं निळी असत. पुढे राज्यांना घाईघाईने झेंडे हवे झाले तेव्हा अनेकांनी त्याच निळ्यावर आपला शिक्का मारून मोकळं व्हायचं ठरवलं. खांबावर चढल्यावर ते सगळे एकाच आईची लेकरं वाटतात.

माझ्या वडिलांचं कराडला शिवणकामाचं दुकान होतं. उत्सवांच्या दिवसांत ते भगवे झेंडे शिवत, आणि त्यांच्या दोन टोकांमधली खाच कशी कापायची हे मी त्यांच्याजवळ बसून शिकले होते. इथल्या झेंड्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मालकीणबाई डोरीन हिने माझ्यापुढे ओहायो टाकला. पन्नास राज्यांत एवढा एकच झेंडा चौकोनी नाही, त्याला शेपटासारखी दोन टोकं आहेत, आणि त्या खाचेत कापड चुरगळतं म्हणून बाकीच्या बायका तो टाळायच्या. मी तो गुपचूप शिवून दिला. डोरीनने खाच डोळ्याजवळ धरून पाहिली, ओढून पाहिली आणि म्हणाली, "उद्या किती वाजता येतेस?" डोरीन गुडघ्याने अधू होती, आवाजाने नव्हे. ती दुकानाच्या मागच्या टोकाला बसून पुढच्या गिऱ्हाइकाशी भांडू शकायची.

आमच्याच राज्याच्या झेंड्याने आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. न्यू जर्सीचा झेंडा निळा नाही, पांढरा नाही, पिवळाही नाही. त्या रंगाला इथे बफ म्हणतात. बेसन कढईत टाकल्या टाकल्या असतो ना, तसा. स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनने न्यू जर्सीच्या सैनिकांच्या कोटांना त्या रंगाच्या पट्ट्या नेमून दिल्या होत्या, कारण इथे आधी डच वसाहत होती आणि तो रंग डचांचा. हे सगळं मी एका शाळेच्या सेक्रेटरीला समजावून सांगितलं, कारण तिने कोरा करकरीत झेंडा "उन्हात उडालेला माल आहे" म्हणून परत आणला होता. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ठीक आहे, पण न उडालेला आहे का?"

माझी मुलगी अदिती तिकडे वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला राहते. तिच्या ओळखीने जवळच्याच बेलव्ह्यूहून एका मुलाचा फोन आला. नागपूरचा, आयटीतला. त्यांच्या गणपतीच्या मिरवणुकीसाठी त्याला वॉशिंग्टन राज्याचा झेंडा हवा होता. तो हिरवा असतो आणि त्यावर खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा.

"काकू, एक रिक्वेस्ट होती," तो म्हणाला. "त्या सर्कलमध्ये वॉशिंग्टनच्या बाजूला महाराजांचा फोटो ॲड करता येईल का? म्हणजे यार, दोन्ही कव्हर होतील."

"दोघांनाही विचारून सांगते," मी म्हटलं. शेवटी त्याने वॉशिंग्टन एकटा घेतला आणि भगवा वेगळा. भगव्याची खाच मी स्वतः कापली.

आता जरा धंद्यातली एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बहुतेक झेंडे एकाच कापडाचे असतात. छापलेला रंग आरपार उतरतो, त्यामुळे मागून बघितलं तर चित्र उलटं आणि अक्षरं आरशातली. ते कुणाला खटकत नाही. पण ओरेगॉनचा झेंडा दोन्ही बाजूंनी वेगळा आहे. पुढे राज्याची मोहर आणि मागे सोनेरी बीव्हर, हा तिकडच्या नदीनाल्यांत लाकडं कुरतडून बांध घालणारा प्राणी. तो शिवायचा म्हणजे दोन झेंडे पाठीला पाठ लावायचे आणि मधे दाट अस्तर घालायचं, म्हणजे उजेडात मोहरेतून बीव्हर डोकावत नाही. असा झेंडा जड होतो, झुळकेने हलत नाही, आणि तिन्ही थर एकमेकांवरून सरकून कोपऱ्यात झोळ पडतो. दुकानात दुहेरी झेंडा मी सोडून कुणी हातात घेत नसे. याचा मला गर्व होता आणि अजून आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात, कार्ल नावाचा एक गृहस्थ दुकानात आला. वय साठीच्या आसपास, हातात टोपी, ती तो सारखी या हातातून त्या हातात घेत होता. तो मूळचा मिनेसोटाचा. म्हातारे वडील गेली काही वर्षं त्याच्याकडे इथे न्यू जर्सीत राहत होते, ते आदल्या दिवशी गेले होते. शनिवारी दफन. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की शवपेटीवर मिनेसोटाचा झेंडा घाला.

"जुना," कार्ल म्हणाला. "नवा नको."

मिनेसोटाने नुकताच आपला झेंडा बदलला होता. जुना म्हणजे तोच निळा, मधे मोहर. मोहरेत एक गोरा शेतकरी जमीन नांगरतोय, त्याची बंदूक शेजारच्या खोडाला टेकवून ठेवलीय आणि मागून एक मूळ रहिवासी घोड्यावरून चाललाय. घोडेस्वार जमीन सोडून निघालाय असाच त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला आणि तो पुष्कळांना बोचत होता. नव्यात माणूसच नाही. खांबाच्या बाजूला राज्याच्या नकाशाच्या आकाराचं गडद निळं, त्यात आठ टोकांचा पांढरा ध्रुवतारा, आणि पुढे सगळं तळ्याच्या पाण्यासारखं फिकं निळं.

बंद झालेल्या मालाच्या फळीवर मोठ्या मापाचा जुना मिनेसोटा एकच उरला होता. कार्लने तो घेतला, पण घड्या फार पडल्या होत्या, म्हणून इस्त्री करून ठेवा, परवा नेतो म्हणाला. जाता जाता थांबून सांगू लागला. वडील राज्याच्या रस्तेखात्यात बर्फ काढायचा ट्रक चालवायचे. रोज पहाटे डेपोत सगळ्यांच्या आधी जाऊन झेंडा चढवायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं होतं. "नवा त्यांना टीव्हीवर दाखवला," कार्ल म्हणाला, "तर विचारतात, ही कुठली कंपनी?" तो हसला आणि हसताहसता त्याचा चेहरा बिघडला. मी उगाचच टेबलावरचे दोरे गोळा करत बसले.

दुपारी फोन आला. कार्लची धाकटी बहीण क्रिस्टीन, मिनेसोटाहून. अंत्यविधीचं सगळं बघणाऱ्या फ्युनरल होमने तिला आमचा नंबर दिला होता.

"माझ्या भावाने जुना झेंडा घेतलाय ना?" ती म्हणाली. "त्याला सांगा, पेटीवर तो असेल तर मी येणार नाही."

"तुम्हीच सांगा ना त्यांना."

"आम्ही बोलत नाही. झेंडा बदलायचं चाललं होतं तेव्हापासून."

तिचा नवरा डकोटा, त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी. दोन शाळकरी मुलं. ती म्हणाली, "माझी मुलं त्या चित्रात शेतकरी बघत नाहीत. त्यांना आपला पणजोबा घोड्यावरून जाताना दिसतो. बाबांवर माझा जीव होता. पण त्या चित्रापुढे माझी मुलं मान खाली घालून उभी राहणार नाहीत."

मी कार्लला फोन केला. तो म्हणाला, "तिला सांगा, हे बाबांचं दफन आहे, विधिमंडळाची बैठक नाही." मी तिला फोन केला. ती म्हणाली, "त्याला सांगा, बाबा फक्त त्याचे नव्हते." दोघांचंही बरोबर असलं की माझं डोकं उठतं. एकाचं चुकत असतं तर मी झेंडा इस्त्री करून, पिशवीत घालून मोकळी झाले असते. घरी येऊन मी वरणाला दोनदा फोडणी दिली. अदितीचा फोन आला तर तिच्यावरच खेकसले.

"आई, चिल! व्हाय आर यू इन द मिडल ऑफ धिस?" ती म्हणाली. "तू झेंडा विकतेस, दे बाय इट. दॅट्स इट."

"मुलगी बापाच्या दफनाला येणार नाही म्हणते, अदिती."

ती म्हणाली, "दॅट्स रिअली सॅड, आई."

दुसऱ्या दिवशी मी जुन्या मिनेसोटाला इस्त्री करत होते. एक बाजू झाली, उलटा केला. शेतकरी उजवीकडचा डावीकडे गेला, अक्षरं उलटी झाली. पेटीवर अंथरल्यावर ही बाजू खाली जाणार, कुणाला दिसणार नाही. तिथेच हातातली इस्त्री उचलून मी उभी राहिले. हा झेंडा खांबावर चढणारच नव्हता. पेटीवरच्या झेंड्याची एक बाजू जिवंत माणसांना दिसते आणि एक फक्त मेलेल्या माणसाकडे असते.

"ओरेगॉन करते," मी डोरीनला म्हटलं. "वर नवा, खाली जुना. मधे अस्तर."

डोरीनने चष्मा काढला. "तू वेडी आहेस," ती म्हणाली. "फिकं निळं कापड मागच्या कपाटात आहे."

आधी दोघांना विचारलं. कुणाच्याही डोळ्यांत धूळ फेकायची नव्हती. कार्ल म्हणाला, "म्हणजे बाबांच्या बाजूला जुना."

"हो."

"त्यांना तोच दिसेल."

"तोच."

क्रिस्टीनने एवढंच विचारलं, "वरून काही दिसणार नाही? मुलांना?"

"एक रेघही नाही. दाट अस्तर घालते."

"मग खाली जे आहे ते बाबांचं," ती म्हणाली. "मी येते."

नवा झेंडा मी छापील घेतला नाही, बेतून शिवला. शिवणाऱ्या बाईला विचाराल तर नवे झेंडे फार गुणी. मोहरा, फुलं, लॅटिन-फ्रेंच वाक्यं काही नाही, सरळ तुकडे. फक्त ताऱ्याच्या आतल्या कोपऱ्यांत सुई अडते, तिथे हाताने चाक फिरवत एकेक टाका घ्यावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी झेंडा फ्युनरल होममध्ये पोचवला. पेटीवर टाकून पाहिला. जडपणामुळे तो अगदी शांत पडला, कुठे झोळ नाही, कुठे सुरकुती नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून इतकं चांगलं काम झालं नव्हतं. घरी येताना मी ह्यांना गाडीत गाणं लावायला सांगितलं.

शनिवारी सकाळी मी आणि हे धुतलेल्या चादरीची घडी घालत होतो. हे त्यांच्या टोकाला, मी माझ्या. आम्ही चादर उचलली, मधे दुमडली, आणि खालची बाजू वर आली.

माझ्या हातातून चादर सुटली.

"आता काय झालं?" ह्यांनी विचारलं.

झालं असं होतं, की पेटी खाली सोडण्याआधी झेंडा उचलतात. दोन माणसं दोन बाजूंनी धरून तो सगळ्यांसमोर हवेत ताणतात, घडी घालतात आणि घरच्यांच्या हातात देतात. माझी सगळी अक्कल अंथरण्यात गेली होती. उचलण्याचा मी विचारच केला नव्हता. अंथरताना जी बाजू कुणाला दिसत नाही ती उचलताना सगळ्यांना दिसते, आणि पहिल्या रांगेत क्रिस्टीनची मुलं उभी असणार. खिडकीबाहेर वारा सुटला होता.

कार्ल फोन घेईना, क्रिस्टीन घेईना. दोघंही प्रार्थनेला बसली असणार. मी डोरीनला फोन केला. ती एक शिवी देऊन म्हणाली, "मग अजून घरात काय करतेयस?" ह्यांनी चपला बदलल्या नाहीत, मी स्वेटर उलटा घातला. गाडीत मी प्रत्येक सिग्नलला काहीतरी बोलत होते. "जुन्या बाजूवर एखादी शाल टाकली तर? मुलांना पाठमोरं उभं केलं तर?" हे म्हणाले, "तू आधी पट्टा लाव."

दफनभूमीत पोचलो तेव्हा पेटी खड्ड्यावरच्या पट्ट्यांवर ठेवलेली होती. भाऊ एका बाजूला, बहीण दुसऱ्या बाजूला. तिच्या पुढ्यात मुलगी आणि मुलगा, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. धर्मगुरूंचं वाचून झालं होतं. हातमोजे घातलेले दोन कर्मचारी पुढे झाले आणि त्यांनी झेंड्याची टोकं धरली.

"थांबा!" मी ओरडले.

सगळी माणसं वळून बघू लागली. मी पेटीला वळसा घालून क्रिस्टीनकडे गेले आणि कानात सांगितलं. तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. मग परत वळसा घालून कार्लकडे. तो पेटीकडे बघत म्हणाला, "घडी तर घालावीच लागेल. मला तो घरी न्यायचाय. तिला सांगा, दोन मिनिटं मुलांना गाडीत बसव." मी पुन्हा पलीकडे गेले. ती म्हणाली, "त्याला सांगा, आजोबांच्या दफनातून माझी मुलं गाडीत जाणार नाहीत." भर थंडीत मला घाम फुटला होता. कर्मचारी टोकं धरून तसेच वाकलेले, आणि वारा कापडाखाली शिरायला बघत होता. एकदा तो शिरला असता तर ठरवायला काही उरलंच नसतं.

झेंडा जमिनीला लागू द्यायचा नाही आणि मातीत तर कधीच नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. कायदा राष्ट्रध्वजाबद्दल बोलतो, पण आम्ही राज्याच्या झेंड्यालाही तोच नियम लावतो. मी गिऱ्हाइकांना यावरून अक्षरशः झापलेलं आहे. तरी मीच म्हटलं, "उचलूच नका. त्यांच्याबरोबर जाऊ दे."

कार्लने मान वर केली. त्याला तो भिंतीवर लावायचा होता, मला माहीत होतं. वडिलांचं तेवढंच तो मागत होता.

"असं चालतं का?" फ्युनरल होमच्या माणसाने मला विचारलं.

"मी शिवलाय. चालतं," मी म्हटलं. माझ्या म्हणण्याला कुठलाही आधार नव्हता.

कार्ल टोपी या हातातून त्या हातात घेत राहिला. मुलगा आईकडे बघत होता, मुलगी मामाकडे. मग कार्लने टोपी डोक्यावर घातली, पुढे झाला, त्या कर्मचाऱ्याच्या हातातून झेंड्याचं टोक काढून घेतलं आणि ते परत पेटीवर ठेवलं. एकदा तळहाताने वरून दाबलं. दुसरा कर्मचारी आपण होऊन मागे सरकला.

पण झेंडा पेटीपेक्षा रुंद होता, दोन्ही बाजूंनी लोंबत होता. पेटी खाली जाताना तो पट्ट्यांत अडकला असता. मी पुढे होणार तेवढ्यात कार्ल गुडघ्यावर बसला आणि त्याच्या बाजूचं कापड पेटीच्या कडेला खोचू लागला. खोचताखोचता, वर न बघता, तो म्हणाला, "क्रिस, तुझ्या बाजूचं आत घे."

मी क्रिस्टीनकडे बघितलं. सवयीने मी एक पाऊल तिच्याकडे टाकलंसुद्धा. ती आधीच खाली बसली होती.

"घेतेय," ती म्हणाली.

"कोपरा राहिलाय."

"दिसतोय मला, कार्ल."

तिने कोपरा आत घेतला. कुणीतरी पट्टे सैल केले आणि पेटी खाली जाऊ लागली. ती दोघं खड्ड्याच्या दोन बाजूंना तशीच बसून खाली बघत एकमेकांशी हळू बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि कुणाला सांगायलाही त्यांनी मला सांगितलं नाही.